चेक इंजिनच्या दिव्याची जन्मकथा

२६ जुलै १९४३ रोजी लॉस एंजेलिस शहरावर धुराचा असा थर उतरला की तीन चौकांपलीकडचे काही दिसेना. लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घशात आग पडली. महायुद्ध ऐन भरात होते आणि पश्चिम किनाऱ्याला जपानी हल्ल्याची धास्ती होती, त्यामुळे शत्रूने विषारी वायू सोडला अशी हूल उठायला वेळ लागला नाही. वायूहल्ला वगैरे काही झालेला नाही हे कळल्यावर संशय अलिसो रस्त्यावरच्या एका कारखान्यावर गेला. तिथे कृत्रिम रबरासाठी लागणारे ब्युटाडाइन तयार होत असे. लोकांच्या रेट्यामुळे कारखाना काही काळ बंद ठेवला गेला. धूर मात्र येतच राहिला.

आज आपल्या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो आणि गॅरेजवाला स्कॅनर लावून पाच खुणांचा एक कोड वाचतो. त्या दिव्याचे आणि त्या कोडचे मूळ लॉस एंजेलिसच्या या धुरात आहे. मेकॅनिकचे काम सोपे व्हावे म्हणून ही व्यवस्था कोणी उभी केली नव्हती. शहरातल्या माणसांना श्वास घेता यावा म्हणून एका राज्य सरकारने, आणि मागून एका देशाने, वाहन कंपन्यांना ती करायला भाग पाडले. आपल्याकडे हा इतिहास फारसा कोणाला ठाऊक नाही. म्हणूनच तो दिवा म्हणजे ग्राहकाच्या खिशात हात घालण्याची कंपनीची युक्ती, असे बहुतेकांना वाटते.

धुराचे कोडे सोडवले ते एरी हागन-स्मित या डच वंशाच्या शास्त्रज्ञाने. पासाडेनाच्या कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे कॅलटेकमध्ये, ते जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. अननसाला त्याचा स्वाद कोणत्या द्रव्यांमुळे येतो याचा शोध ते घेत होते. फळातून उडून जाणारी सूक्ष्म द्रव्ये थंड करून पकडायची आणि वेगळी करायची, यात त्यांचा हात बसलेला होता. तेच तंत्र त्यांनी १९४०च्या दशकाच्या शेवटी शहराच्या हवेला लावले. हवेतली पेट्रोलची न जळलेली वाफ आणि इंजिनातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर कडक ऊन पडले की ओझोन तयार होतो आणि त्यानेच डोळ्यांची आग होते, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले. ओझोन मोजण्याची त्यांची एक पद्धत अगदी साधी होती. रबराची पट्टी वाकवून हवेत ठेवायची आणि तिला भेगा किती लवकर पडतात ते पाहायचे. या शहरात टायर लवकर तडकतात, हे लोकांच्या लक्षात आलेच होते.

तेल उद्योगाच्या पैशावर चाललेल्या संशोधनाने हागन-स्मित यांचे निष्कर्ष चुकीचे ठरवायचा प्रयत्न केला. ते मागे हटले नाहीत. कारखान्यांच्या चिमण्यांइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, दोष रस्त्यावरच्या मोटारींचा आहे हे १९५०च्या दशकात हळूहळू सर्वांना मान्य करावे लागले. त्यात शहराचा भूगोल वाईट. तीन बाजूंना डोंगर, एका बाजूला समुद्र, आणि थंड हवेवर गरम हवेचे झाकण. धुराला बाहेर पडायला वाटच नाही.

१९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केले. कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्ड, बोलण्यात ‘कार्ब’. रोनाल्ड रेगन तेव्हा गव्हर्नर होते. हागन-स्मित मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. १९७३ मध्ये रेगन यांनीच त्यांना दूर केले. नायट्रोजन ऑक्साइडच्या प्रश्नावर ते नमते घेत नव्हते. सत्तेला न रुचणारे खरे बोलणाऱ्या माणसाचे नाव या कथेच्या सुरुवातीला आहे, याचा मला फार आदर वाटतो.

पुढचा टप्पा वॉशिंग्टनमध्ये गाठला गेला. १९७०च्या स्वच्छ हवा कायद्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी सही केली. नव्या गाड्यांचे प्रदूषण काही वर्षांत ९० टक्क्यांनी उतरले पाहिजे, असा त्या कायद्याचा हुकूम होता. हे अशक्य आहे अशी ओरड कंपन्यांनी केली. तरी १९७५च्या मॉडेलपासून बहुतेक अमेरिकी गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसला. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची सिरॅमिकची वीट, तिच्यावर प्लॅटिनमसारख्या धातूंचा पातळ लेप, आणि त्या लेपावरून जाताना विषारी वायूंचे निरुपद्रवी वायूंत रूपांतर. शिसे लागले की हा लेप निकामी होतो, म्हणून पंपावर बिनशिशाचे पेट्रोल आले. शिसे हवेतून गेले, हा या बदलाचा केवढा मोठा लाभ!

पण कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या तिन्हींना एकाच वेळी आवरायचे तर इंजिनात हवा आणि पेट्रोल अगदी मोजून जावे लागते. एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा. कार्बोरेटरला हे प्रमाण सतत सांभाळणे जमत नाही. बॉशने विकसित केलेला ऑक्सिजन सेन्सर व्होल्वोने १९७७च्या मॉडेलमध्ये कॅलिफोर्नियासाठी वापरला. सायलेन्सरच्या नळीत बसलेला हा छोटा झिरकोनियाचा तुकडा जळून गेलेल्या वायूत ऑक्सिजन किती उरला याचा अंदाज व्होल्टच्या अंशांत देतो. मिश्रणात पेट्रोल जास्त झाले की जवळपास ०.९ व्होल्ट, कमी झाले की ०.१ च्या आसपास. हा आकडा वाचायला आणि क्षणोक्षणी पेट्रोल कमी-जास्त करायला कॉम्प्युटर हवा. मोटारीत कॉम्प्युटर शिरला तो असा, धुराच्या मागोमाग.

आणि इथेच नवी अडचण उभी राहिली. जुन्या गाडीत काही बिघडले की चालवणाऱ्याला कळे. गाडी मिसिंग मारायची, पिकअप जायचा, काळा धूर निघायचा. कॉम्प्युटरवाल्या गाडीत एखादा सेन्सर गेला तर कॉम्प्युटर त्याच्या जागी अंदाजाने धरलेली किंमत वापरतो आणि गाडी बऱ्यापैकी चालू राहते. मालकाला पत्ताही लागत नाही. नळीतून मात्र मर्यादेच्या कितीतरी पट विष बाहेर पडत असते. नवी गाडी कारखान्यातून स्वच्छ निघते, पण पाच-सात वर्षांनी ती काय करते? कार्बच्या अधिकाऱ्यांना हा प्रश्न छळत होता. त्यांचे उत्तर असे की गाडीने स्वतःच स्वतःची तपासणी करावी आणि बिघाड झाला की मालकाला दिवा दाखवावा. कार्बने १९८५ मध्ये तसा नियम केला आणि १९८८च्या मॉडेलपासून तो कॅलिफोर्नियात लागू झाला. हीच ऑन-बोर्ड डायग्नॉस्टिक्सची पहिली पिढी, ओबीडी-१.

कंपन्यांकडे त्याआधीपासून आपापल्या सोयीची काही साधने होती. जनरल मोटर्सच्या १९८०च्या दशकातल्या गाडीत कोड कसा वाचत, ते जवळून पाहण्यासारखे आहे. डॅशबोर्डखाली बारा खाचांचे एक सॉकेट असे. मुळात ते कारखान्यातल्या असेंब्ली लाइनवर गाडी तपासण्यासाठी ठेवलेले. मेकॅनिक खिशातला पेपर क्लिप सरळ करून इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवायचा आणि ‘ए’ व ‘बी’ या दोन खाचा जोडायचा. इंजिन सुरू न करता चावी फिरवायची. मग ‘चेक इंजिन’चा दिवा बोलू लागे. एक लुकलुक, थोडे थांबणे, लागोपाठ दोन लुकलुका, म्हणजे १२. हे तीनदा. १२ चा अर्थ एवढाच की इंजिन बंद आहे आणि तपासणी यंत्रणा जागी आहे. त्यानंतर साठवलेले कोड, प्रत्येक तीन वेळा. एक आणि तीन, म्हणजे १३, ऑक्सिजन सेन्सरच्या सर्किटमध्ये खंड. ४४ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, ४५ म्हणजे जास्त. सगळे संपले की पुन्हा १२. मेकॅनिक गुडघ्यावर बसून वहीत आकडे मांडायचा. मोजताना एक लुकलुक निसटली की पुन्हा पहिल्यापासून.

फोर्डमध्ये काट्याचा व्होल्टमीटर लावून काटा किती वेळा उडी मारतो ते मोजत. ११ आला की सगळे ठीक. क्रायस्लरमध्ये चावी पटापट चालू-बंद करायची. टोयोटात दुसऱ्याच दोन पिनांमध्ये तार घालायची. होंडाच्या काही गाड्यांत तर गालिचा उचलून कॉम्प्युटरच्या डब्यावरचा छोटा दिवा पाहावा लागे. कंपनी बदलली की सॉकेट वेगळे, ते बसवलेली जागा वेगळी, कोडचा अर्थ वेगळा. स्नॅप-ऑनचा विटेसारखा लाल स्कॅनर घेतला तरी त्यासोबत प्रत्येक कंपनीची वेगळी कार्ट्रिज आणि वेगवेगळ्या वायरींचा पेटारा बाळगावा लागे. छोट्या गॅरेजला ते परवडत नव्हते. त्यामुळे गिऱ्हाईक कंपनीच्या शोरूमकडे वळू लागले.

शिवाय पहिल्या पिढीची नजर अधू होती. वायर तुटली, शॉर्ट झाली, सेन्सर पूर्ण गेला, एवढेच तिला समजे. कन्व्हर्टर हळूहळू मरतो आहे, एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकते आहे, टाकीच्या झाकणातून पेट्रोलची वाफ निसटते आहे, यातले काहीच तिला दिसत नसे. हवा बिघडवणारे खरे बिघाड तर हेच.

म्हणून कार्बने १९८९ मध्ये दुसऱ्या पिढीचा नियम मंजूर केला. पुढच्या वर्षी, १५ नोव्हेंबर १९९० रोजी, राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी स्वच्छ हवा कायद्याच्या दुरुस्त्यांवर सही केली आणि ही कल्पना सगळ्या देशाची झाली. या दुरुस्तीतली काही कलमे मला फार मोलाची वाटतात. गाडीतले तपासणीचे सॉकेट सर्व कंपन्यांचे एकसारखे असावे. तिथली माहिती वाचायला कोणताही गुप्त कोड लागू नये. केवळ कंपनीकडेच मिळणाऱ्या यंत्राची सक्ती नसावी. दुरुस्तीला लागणारी माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांनाही मिळावी. स्वच्छ हवेच्या कायद्यात छोट्या मेकॅनिकचा हक्क लिहिला गेला, कारण गाडी स्वस्तात आणि घराजवळ दुरुस्त झाली तरच ती दुरुस्त होईल, हे कायदा करणाऱ्यांना कळले होते.

१९९४च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने, आणि १९९६च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या सर्व नव्या मोटारींत ओबीडी-२ आले. ऑटोमोटिव्ह इंजिनिअरांच्या संघटनेने, एसएईने, त्याची मानके लिहिली. सॉकेट सोळा पिनांचे, समलंब चौकोनी, चालवणाऱ्याच्या हाताला येईल असे, बहुधा स्टिअरिंगखाली. सोळाव्या पिनेवर बॅटरीचा करंट, चौथ्या-पाचव्यावर अर्थिंग. त्यामुळे स्कॅनरला वेगळ्या विजेची गरज उरली नाही. खोचला की सुरू.

कोडही सगळ्यांचे एक झाले. पी ०३०१ घ्या. ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स. बॉडीसाठी ‘बी’, चॅसीसाठी ‘सी’, आणि कॉम्प्युटरांच्या आपसातल्या संपर्कासाठी ‘यू’. पुढचा शून्य सांगतो की हा कोड सर्व कंपन्यांना समान आहे. तिथे १ असला तर तो त्या कंपनीचा स्वतःचा. तिसरी खूण विभागाची, ३ म्हणजे इग्निशन आणि मिसफायर. शेवटचे दोन आकडे नेमकी जागा दाखवतात, इथे पहिला सिलिंडर. डेट्रॉइटची गाडी असो की स्टुटगार्टची की नागोयाची, पी ०३०१ चा अर्थ एकच.

यामागची तपासणी किती कुशल आहे! प्रत्येक सिलिंडरच्या स्फोटाने क्रँकशाफ्टला एक धक्का बसतो आणि तिचा वेग किंचित वाढतो. एखादा स्फोट चुकला की त्या क्षणापुरता वेग घटतो. कॉम्प्युटर दाते असलेल्या चकतीवरून हा सूक्ष्म फरक टिपतो आणि कोणत्या सिलिंडरची ठिणगी चुकली ते ओळखतो. मिसफायर वाढला तर न जळलेले पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आणि आतली वीट वितळू शकते. म्हणून अशा वेळी दिवा नुसता लागत नाही, तो लुकलुकतो. कन्व्हर्टरवर लक्ष ठेवायला त्याच्या मागे दुसरा ऑक्सिजन सेन्सर बसवला. पुढच्या सेन्सरचा आकडा सतत वरखाली होतो. कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवून वापरत असल्याने मागचा बऱ्यापैकी स्थिर राहतो. मागचाही पुढच्यासारखा नाचू लागला की कन्व्हर्टर थकला, आणि पी ०४२० नोंदवला जातो. ढोबळमानाने प्रदूषण मान्य मर्यादेच्या दीडपट होण्याची वेळ आली की दिवा लागावा, अशी ही रेषा आखली गेली.

एकदाच चूक दिसली म्हणून दिवा लागत नाही. बहुतेक तपासण्यांत तीच चूक लागोपाठ दुसऱ्या फेरीतही दिसावी लागते. दिवा लावताना कॉम्प्युटर त्या क्षणाची परिस्थितीही टिपून ठेवतो: इंजिनाचे फेरे, पाण्याचे तापमान, गाडीचा वेग, भार, पेट्रोलची दुरुस्ती. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. पुढच्या तीन फेऱ्या ठीक गेल्या तर दिवा आपोआप विझतो आणि सुमारे चाळीस वेळा इंजिन थंडाचे गरम झाले की कोडही पुसला जातो.

कोड वाचणे आणि बिघाड शोधणे यांत मोठे अंतर आहे. पी ०१७१ हा अगदी नेहमीचा कोड. मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे आणि कॉम्प्युटर वाढवून वाढवून त्याच्या मर्यादेला पोचला आहे, एवढेच तो सांगतो. घाईचा माणूस ऑक्सिजन सेन्सर बदलून मोकळा होतो. खरे तर त्या सेन्सरने आपले काम चोख केलेले असते. जाणता मेकॅनिक आधी फ्रीझ फ्रेम उघडतो, मग फ्युएल ट्रिमचा, म्हणजे कॉम्प्युटरने पेट्रोलमध्ये केलेल्या दुरुस्तीचा, आकडा चालू इंजिनावर पाहतो. आयडलवर ट्रिम २५ टक्क्यांपर्यंत चढलेला आणि मिनिटाला २५०० फेऱ्यांवर इंजिन नेऊन धरले की जवळपास शून्यावर आलेला दिसला, तर कुठून तरी चोरून हवा शिरते आहे; इनटेकचा पाइप, गॅस्केट, व्हॅक्यूमची नळी तपासायची. उलट भार वाढेल तसा ट्रिमही चढत गेला, तर पेट्रोल पंपाचा दाब, फिल्टर किंवा मळलेला एअरफ्लो सेन्सर. एकाच कोडला निदाने दोन, दुरुस्त्या वेगळ्या आणि खर्चही वेगळे. नापास कोणती चाचणी झाली हे कोड सांगतो; का झाली हे माणसाने शोधायचे असते. मेकॅनिकला डॉक्टरइतका मान मिळाला पाहिजे असे मला वाटते, ते या शोधासाठी.

सॉकेट एक झाले तरी त्यातून बोलण्याच्या रीती सुरुवातीला निरनिराळ्याच राहिल्या. जनरल मोटर्सची एक, फोर्डची दुसरी, युरोप-आशियातल्या बहुतेकांची तिसरी. ही गुंतागुंत सुटली ती बॉशच्या कॅन बस या संपर्क-पद्धतीमुळे. १९८६ मध्ये डेट्रॉइटला एसएईच्या परिषदेत बॉशने ती मांडली होती. २००८च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या सर्व मोटारींत तिची सक्ती झाली. या साऱ्या भाषा समजणारी ईएलएम३२७ नावाची एक छोटी चिप कॅनडातल्या एका लहान कंपनीने बाजारात आणली होती. पहिल्या आवृत्तीला नकलेपासून संरक्षण घातलेले नव्हते, आणि बघता बघता तिच्या नकलांचा पूर आला. काडेपेटीएवढा ब्लूटूथ डोंगल आणि मोबाईलवरचे ॲप, एवढ्यात गाडीचा कोड सामान्य मालकाच्या हातात आला. १९९०च्या कायद्यात लिहिलेला हक्क खऱ्या अर्थाने घराघरांत पोचवला तो या स्वस्त डोंगलने.

पळवाटाही निघाल्या. कॅलिफोर्नियात गाडीच्या प्रदूषण-तपासणीच्या दिवशी सकाळी लोक कोड उडवून येत. त्यावर उपाय आधीच करून ठेवलेला होता: कोड पुसला की गाडीने स्वतःच्या कोणत्या तपासण्या पूर्ण केल्या याची नोंदही पुसली जाते, आणि अशी कोरी गाडी तपासणी केंद्रावरून परत पाठवली जाते. २०१०च्या मॉडेलपासून कायम कोड आले. ते स्कॅनरने पुसता येत नाहीत. दोष गेला आणि गाडीला तो गेल्याची खात्री पटली तरच जातात. २०१५ पासून तिथे २००० आणि त्यानंतरच्या मॉडेलच्या पेट्रोल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धूर मोजायची नळीच घालत नाहीत. सॉकेटला यंत्र जोडतात आणि गाडीलाच विचारतात.

मात्र गाडीला विचारण्यात एक धोका आहे, आणि तो त्याच वर्षी जगासमोर आला. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या चमूने फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या रस्त्यावर मोजल्या होत्या. त्या चमूत अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे भारतातून गेलेले अभियंतेही होते. प्रयोगशाळेत निर्मळ ठरलेली गाडी रस्त्यावर मर्यादेच्या कितीतरी पट नायट्रोजन ऑक्साइड सोडत होती. कार्बने पाठपुरावा केला आणि १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकी सरकारने चाचणीत फसवणूक केल्याचा कंपनीवर उघड ठपका ठेवला. एवढा धूर सोडत असताना त्या गाड्यांचा चेक इंजिनचा दिवा लागत नव्हता, कारण फसवणूक आणि पहारा दोन्ही एकाच कॉम्प्युटरमध्ये, एकाच कंपनीने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये होते. भारतात या प्रकरणाची तपासणी पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने केली आणि त्या वर्षाअखेर कंपनीने इथल्या सुमारे सव्वातीन लाख गाड्या परत बोलावण्याची घोषणा केली.

आपल्याकडे हा प्रवास उशिरा सुरू झाला. चार महानगरांत १९९५ साली बिनशिशाचे पेट्रोल आणि कन्व्हर्टर आले, २००० मध्ये सगळ्या देशातले शिसे गेले. एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज-४ ही प्रदूषणाची मानके तेरा शहरांत लागू झाली, त्यांत मुंबई आणि पुण्याबरोबर सोलापूरही होते. त्या मानकांसोबत मोटारींना ओबीडीची पहिली पायरी सक्तीची झाली, एप्रिल २०१३ पासून दुसरी. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ आले आणि चेक इंजिनचा दिवा स्कूटर-मोटारसायकलीपर्यंत पोचला.

सॉकेट आले, पण चावी कोणाकडे, हा अमेरिकेने १९९० मध्ये सोडवलेला प्रश्न इथे वेगळ्या दारातून आला. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने तपास केला आणि ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्यांनी सुटे भाग, दुरुस्तीची पुस्तिका आणि निदानाची यंत्रे आपल्या अधिकृत सेंटरपुरती अडवून ठेवली, असा ठपका होता. ही सामग्री बाहेरच्या गॅरेजांनाही द्या, असे आयोगाने बजावले. कंपन्या अपिलात गेल्या. त्या आदेशातला विचार मला अगदी योग्य वाटतो.

पीयूसीची, म्हणजे आपल्याकडच्या प्रदूषण-तपासणीची, पद्धत मात्र सायलेन्सरमध्ये नळी घालण्याचीच राहिली. आयडलवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजायचे, डिझेलचा धूर पाहायचा, पावती फाडायची. नायट्रोजनचे ऑक्साइड, ज्यांच्यापायी हागन-स्मित अध्यक्षपदावरून गेले, ते त्यात मोजलेच जात नाहीत. गाडीत ओबीडी असताना पीयूसी केंद्राने तिच्या सॉकेटला यंत्र लावून दिवा लागलेला आहे का, तपासण्या पूर्ण आहेत का, एवढे तरी पाहिले पाहिजे. परिवहन खात्याने हे करायला हवे आणि वाहनमालकांनी त्याला विरोध करू नये.

तोवर आपल्या हातात आहे ते करूया. दिवा लागला तर आधी टाकीचे झाकण घट्ट आहे ना ते पाहा. गॅरेजमध्ये गेलात तर ‘कोड उडवून द्या’ म्हणू नका. कोडचा नंबर लिहून घ्या, फ्रीझ फ्रेमचा फोटो काढायला सांगा आणि कोणता भाग बदलायचा ते कोणत्या तपासणीवरून ठरवले, हे विचारा. नीट तपास करणाऱ्या मेकॅनिकला तपासाचे वेगळे पैसे आनंदाने द्या. आणि दिवा लुकलुकत असेल, तर पुढच्या गावापर्यंत रेटू नका. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा.